प्रवाशाच्या थैलीतील चेंडू

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात भोर आणि वेल्हे हे दोन डोंगरी तालुके आहेत. वेल्हे तालुक्यास अलीकडे राजगड असे नाव देण्यात आले असले, तरी लोकांच्या तोंडी वेल्हे हेच नाव रुळलेले आहे. सह्याद्रीची मुख्य रांग या तालुक्यांच्या पश्चिमेस भिंतीसारखी उभी असून तिच्यापासून निघालेल्या सोंडा पूर्वेकडे दूरवर उतरत गेल्या आहेत. राजगड, तोरणा आणि रोहिडा हे किल्ले याच सोंडांवर उभे आहेत. रायरेश्वराचे विस्तीर्ण पठारही येथेच आहे. सोंडांच्या मधल्या खोऱ्यांतून नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्या वाहतात. पावसाळ्यात घाटमाथ्यावर पावसाची धार दिवस दिवस तुटत नाही आणि डोंगर ढगांत बुडून जातात.

अशा मुलखात सपाट जमीन फार मोलाची असते. नदीकाठी जी थोडीफार सपाटी असते, तिच्यात भाताची खाचरे असतात. शिवाय भाटघर, नीरा-देवघर, गुंजवणी, पानशेत आणि वरसगाव अशी धरणे या दोन तालुक्यांत बांधली गेली. त्यांच्या पाण्याने शहरांची तहान भागली आणि दूरदूरची शेते हिरवी झाली. पण त्याच पाण्याखाली नदीकाठची सपाट जमीन गेली आणि कित्येक वस्त्यांना डोंगराच्या उतारावर सरकावे लागले. कबड्डीच्या मोठ्या मैदानास १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद एवढी जागा पुरते. परंतु उतारावरील लहानशा वाडीत तेवढा सपाट तुकडाही सहजासहजी सापडत नाही. शाळेपुढचे अंगण, देवळासमोरची जागा, नाहीतर कापणीनंतर मोकळे झालेले खाचर, हीच तेथील मुलांची क्रीडांगणे होत.

तरीही मुले खेळावाचून राहत नाहीत. थोडक्या साधनांत कसे भागवावे, हे या मुलांच्या खेळांकडे पाहून शिकावे. बाभळीची फांदी तासली की दांडू तयार होतो आणि तिचाच वीतभर तुकडा दोन्ही टोकांना निमुळता केला की विटी होते. ओढ्यातील सात चपट्या चिपा एकावर एक रचल्या की लगोरी उभी राहते. लगोरीचा चेंडू जुन्या लुगड्याच्या चिंध्या घट्ट गुंडाळून आणि वरून सुतळी आवळून घरीच करतात. हुतूतू, लंगडी, आट्यापाट्या या खेळांना तर काहीच लागत नाही. राखेने चार रेघा ओढल्या की काम भागते.

परंतु चिंध्यांच्या चेंडूच्याही काही मर्यादा आहेत. तो उसळत नाही. पावसात भिजला की जड होतो आणि दोन दिवस वाळत नाही. फुटबॉल, व्हॉलीबॉल किंवा क्रिकेट हे खेळ त्याने खेळता येत नाहीत. तालुक्याच्या क्रीडास्पर्धांना गेल्यावर वाडीतल्या मुलीला दुसऱ्या शाळेच्या मुली सफाईने व्हॉलीबॉल टोलवताना दिसतात. तिच्या पायांत त्यांच्याहून अधिक बळ असते. रोज डोंगर चढून ती शाळेत जाते. पण ज्या चेंडूला तिने कधी हातच लावलेला नाही, तो तिच्या हाताला कसा वश व्हावा? अंगी गुण असून केवळ साधनावाचून मागे राहावे लागणे, हे दुःख लहान नव्हे.

याच मुलखात प्रवाशांचीही वर्दळ असते. शनिवार-रविवार आला की पुण्या-मुंबईचे दुर्गप्रेमी पाठीवर थैल्या बांधून राजगड आणि तोरणा चढू लागतात. गुंजवणे, पाली, वेल्हे अशा पायथ्याच्या गावांतून त्यांची वाट जाते. तेथे ते पाणी पितात, एखाद्या घरी पिठले-भाकरी खातात, वाट विचारतात. गावाची आणि त्यांची हळूहळू ओळख होते. मग पुढच्या खेपेस कोणी शाळेसाठी वह्या आणतो, कोणी दप्तरे आणतो. खेळाची आवड असलेला एखादा पाहुणा चेंडू, बॅट किंवा दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या घेऊन येतो. प्रवासी आपल्या थैलीतील जागा दुसऱ्याच्या मुलांसाठी राखून ठेवतो, ही गोष्ट दिसण्यास लहान असली तरी तिच्यात मोठा विचार आहे.

मात्र हे पाहून एखादा मनुष्य विचारील, ‘‘ज्या मुलांना पुस्तके कमी, पायांत वहाणा नाहीत, त्यांना चेंडू कशासाठी? आधी पोटाचे आणि पाटीचे पाहावे. खेळाचे मग पाहता येईल.’’ हा प्रश्न तुच्छतेने झटकून टाकण्यासारखा नाही. कळकळीची माणसेही तो विचारतात. हाच प्रश्न काही वर्षांपूर्वी साऱ्या जगासमोर उभा राहिला होता. त्याची हकीकत सह्याद्रीपासून फार दूर, तांबड्या समुद्राच्या आफ्रिकेकडील किनाऱ्यावर घडली.

त्या किनाऱ्यावर इरिट्रिया नावाचा एक लहान देश आहे. स्वातंत्र्यासाठी तेथील लोकांनी ३० वर्षे युद्ध केले आणि १९९३ मध्ये तो देश स्वतंत्र झाला. युद्धाने घरे पडली होती, शेते ओसाड झाली होती आणि असंख्य मुले पोरकी झाली होती. त्याच वर्षी नॉर्वे देशाचा योहान ओलाव कॉस हा खेळाडू इरिट्रियास गेला. बर्फावर वेगाने घसरत जाण्याच्या शर्यतींत त्याने मोठे नाव मिळविले होते. युद्धाने पोळलेल्या मुलांसाठी ‘ऑलिंपिक एड’ या नावाने मदत गोळा केली जात असे आणि तिचा दूत म्हणून तो तेथे गेला होता.

तेथे त्याला काही मुले चेंडू खेळताना दिसली. जवळ जाऊन पाहतो तो काय, त्यांचा चेंडू म्हणजे एका मुलाचा सदराच होता! सदऱ्याची गुंडाळी करून त्याच्याच लांब बाह्यांनी ती बांधलेली होती. ज्याचा तो सदरा होता, त्या मुलाला सवंगड्यांत मोठा मान होता. कारण एवढेच की, साऱ्या मुलांत लांब बाह्यांचा सदरा त्याच्या एकट्याजवळ होता आणि बाह्यांवाचून चेंडू बांधता येत नव्हता. अंगातला सदरा काढून तो सर्वांच्या खेळासाठी देणारा तो मुलगा कोण, त्याचे पुढे काय झाले, हे जगाला माहीत नाही. पण त्याच्या चेंडूची गोष्ट मात्र देशोदेशी पोहोचली. भोर-वेल्ह्याच्या मुलांना ती ऐकून नवल वाटणार नाही. लुगड्याच्या चिंध्यांचा चेंडू आणि सदऱ्याचा चेंडू ही एकाच घरची भावंडे होत.

कॉसने त्या मुलांना वचन दिले, की आपण पुन्हा येऊ आणि येताना खरा चेंडू आणू.

पुढे फेब्रुवारी १९९४ मध्ये नॉर्वेतील लिलेहामर या गावी हिवाळी ऑलिंपिक सामने भरले. कॉसने १,५०० मीटर, ५,००० मीटर आणि १०,००० मीटर अशा तिन्ही शर्यती जिंकल्या आणि तिन्हींत जागतिक उच्चांक नोंदविले. साऱ्या देशाने त्याला डोक्यावर घेतले. अशा वेळी मनुष्यास दिलेल्या शब्दाचा विसर पडण्याचा संभव असतो. परंतु कॉसला तो पडला नाही. विजयाबद्दल मिळालेली रक्कम त्याने मुलांच्या मदतीसाठी देऊन टाकली आणि आपल्या देशबांधवांनाही आवाहन केले, की नॉर्वेला मिळालेल्या प्रत्येक सुवर्णपदकामागे प्रत्येकाने १० क्रोनर द्यावेत. क्रोनर हे त्या देशाचे नाणे होय. लोकांनी त्याच्या शब्दाला मान दिला आणि मोठा निधी जमा झाला.

त्यानंतर त्याने नॉर्वेतील मुलांना हाक दिली. घराघरांतून चेंडू, कपडे, बूट असे खेळाचे साहित्य जमा होऊ लागले. पाहता पाहता त्याचे वजन बारा टनांच्या आसपास गेले. ज्या खेळाडूचे पराक्रम आपण डोळे भरून पाहिले, तो आपल्या वस्तू स्वतः नेऊन दूरच्या मुलांच्या हाती देणार, या विचाराने मुलांनी हौसेने दिले. ते सारे साहित्य विमानात भरून कॉस इरिट्रियास निघाला.

निघण्याच्या सुमारास त्याच्यावर टीका झाली. जेथे लोकांना अन्न पुरत नाही, तेथे हा मनुष्य चेंडू घेऊन निघाला आहे, असे बोलले जाऊ लागले. कॉसचे मनही डळमळले. आपण भुकेल्याच्या पानात खेळणे वाढावयास तर निघालो नाही ना, अशी शंका त्याला छळू लागली. इरिट्रियास पोहोचल्यावर तेथील राष्ट्राध्यक्ष इसायास आफवेर्की यांच्यापुढे त्याने ती संकोचाने बोलून दाखविली. त्यांचे उत्तर ऐकून तो थक्क झाला. इतकी मोलाची भेट आपल्या देशाला आजवर मिळाली नव्हती, अशा अर्थाचे ते बोलले. इतर मदत माणसांना केवळ जगविण्यासाठी येत होती. या मदतीने मात्र आपल्या लोकांना प्रथमच माणसे म्हणून वागविले, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

अन्नावाचून शरीर जगत नाही, हे खरे. म्हणून अन्न आधी, यात वाद नाही. पण पोट भरले म्हणजे बालपण पुरे झाले, असे नाही. खेळताना मुलाला आपल्या शरीराची ओळख होते. नियम पाळणे, हार सोसणे, जिंकल्यावर उतू न जाणे आणि सोबत्याला सांभाळून घेणे, हे गुण पुस्तकातून जेवढे कळतात त्याहून अधिक मैदानावर अंगी बाणतात. जगातील राष्ट्रांनी १९८९ मध्ये बालकांच्या हक्कांचा जो करारनामा संमत केला, त्याच्या ३१ व्या कलमात विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क मानलेला आहे. भारताने १९९२ मध्ये हा करारनामा मान्य केला. आपल्या देशात २००९ मध्ये झालेल्या शिक्षणहक्काच्या कायद्यातही प्रत्येक शाळेस क्रीडांगण असावे आणि वर्गांना आवश्यकतेप्रमाणे खेळाचे साहित्य मिळावे, असे सांगितले आहे. म्हणून डोंगरावरील शाळेत एखादा पाहुणा चेंडू आणून देतो, तेव्हा तो मुलांवर उपकार करीत नाही. जे त्यांचे आहेच, ते त्यांच्यापर्यंत लवकर पोहोचावे म्हणून तो हातभार लावतो. त्याच्या देणगीमुळे शासनाचे किंवा समाजाचे कर्तव्य संपत नाही.

आता दुसरा विचार. देणगी चांगली असली, तरी ती देण्याची रीत चुकली तर तिचे चीज होत नाही.

डोंगरावरच्या एखाद्या शाळेत पाच क्रमांकाचा फुटबॉल आला, असे समजू. या चेंडूचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर आणि वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. तो मोठ्या खेळाडूंसाठी असतो. बारा वर्षांखालील मुलांना चार क्रमांकाचा लहान आणि हलका चेंडू सोयीचा पडतो. मुले आनंदाने खेळू लागतात. जमीन मुरमाड, कडेला करवंदीच्या जाळ्या. चार दिवसांत एक काटा चेंडूत शिरतो आणि हवा निघून जाते. गावात पंप नाही. पंप मिळाला तर चेंडूत घालावयाची सुई नाही. पंक्चर काढणारा तालुक्याच्या गावी. मग तो चेंडू शाळेच्या कपाटात जाऊन बसतो आणि मुले पुन्हा चिंध्यांचा चेंडू वळतात. देणाऱ्याचे मन मोठे होते, पैसाही खर्च झाला; कमी पडले ते थोडेसे विचारणे.

जगात ज्यांनी हे काम मनापासून केले, त्यांना या अडचणी दिसल्या आणि त्यांनी त्यांवर उपायही शोधले. टिम जानिगन नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने २००६ मध्ये आफ्रिकेतील दार्फूर भागातील निर्वासित मुलांची चित्रफीत पाहिली. ती मुले केरकचरा बांधून केलेल्या चेंडूने खेळत होती. खडकाळ जमिनीवर आणि काट्यांत साधा चेंडू टिकत नाही, हे लक्षात घेऊन त्याने हवा भरावीच लागणार नाही असा, रबरासारख्या लवचिक पदार्थाचा चेंडू तयार करविला. त्याला काटा टोचला, तरी तो बसत नाही. त्या चेंडूचे नाव ‘वन वर्ल्ड फुटबॉल’ असे ठेवण्यात आले. स्टिंग या प्रसिद्ध गायकाने आरंभीच्या कामासाठी पैसा पुरविला.

इंग्लंडमध्ये लॉर्ड्सच्या मैदानावर सामने पाहावयास जमणाऱ्या क्रिकेटप्रेमी मंडळींनी १९५० मध्ये ‘लॉर्ड्स टॅव्हर्नर्स’ ही संस्था काढली. तिने वापरलेल्या बॅटी, पॅड आणि कपडे गोळा करून, नीट निवडून ते परदेशांतील मुलांना पाठविण्याचा उपक्रम चालविला. यातील ‘निवडून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. चिरफळ्या उडालेली बॅट आणि उसवलेले पॅड देणे म्हणजे आपल्या घरची अडगळ दुसऱ्याच्या घरी नेऊन टाकणे होय. जी वस्तू आपल्या धाकट्या भावाच्या हाती देताना संकोच वाटणार नाही, तीच दुसऱ्याला द्यावी.

प्रवाशांसाठी तर अमेरिकेतील रेबेका रॉथनी या बाईंनी २०१० च्या सुमारास एक सोपी युक्ती काढली. तिचे नाव ‘पॅक फॉर अ पर्पज’. परदेशी फिरावयास जाणाऱ्याने आपल्या सामानात फक्त पाच पौंड, म्हणजे सुमारे सव्वादोन किलो वजनाची जागा तेथील मुलांसाठी ठेवावी, एवढेच मागणे. सव्वादोन किलोंत होते तरी काय? ४०० पेन्सिली मावतात. किंवा हवा काढून चपटे केलेले पाच फुटबॉल आणि ते फुगविण्याचा पंप मावतो! तथापि या योजनेचे खरे मर्म वजनात नाही. प्रवासी ज्या ठिकाणी उतरणार, तेथील लोक जवळच्या शाळेला काय हवे ते आधी विचारतात आणि त्याची यादी करतात. प्रवासी ती यादी पाहून वस्तू आणतो. म्हणजे काय द्यावे, हे देणारा ठरवीत नाही, घेणारा सांगतो.

महाराष्ट्रातही असे उदाहरण आहे. श्रीयांस भंडारी आणि रमेश धामी हे दोन धावपटू मुंबईत सराव करीत. पळणाऱ्याचे बूट लवकर झिजतात आणि वर्षाकाठी त्याला कित्येक जोड टाकावे लागतात. बुटाचा वरचा भाग फाटला तरी तळ पुष्कळदा शाबूत राहतो, हे त्यांनी पाहिले. या शाबूत तळांपासून नव्या चपला तयार करून त्या अनवाणी शाळेत जाणाऱ्या मुलांना पुरविण्याचा ‘ग्रीनसोल’ हा उद्योग त्यांनी २०१३ च्या सुमारास सुरू केला. एकाच्या पायांनी धाव संपविली, की त्याच तळांवर दुसऱ्याचे पाय शाळेची वाट चालू लागतात.

कॉसच्या कार्यातही पुढे असाच बदल झाला. साहित्य नेऊन दिले की काम संपत नाही, हे त्याला कळून चुकले. चेंडू झिजतो, खेळ शिकविणारा मनुष्य गावात असेल, तर खेळ टिकतो. म्हणून ‘ऑलिंपिक एड’चे रूपांतर पुढे ‘राइट टू प्ले’ या संस्थेत झाले आणि तिने ठिकठिकाणच्या स्थानिक तरुण-तरुणींना व शिक्षकांना खेळ शिकविण्याचे शिक्षण देण्यावर भर दिला.

या साऱ्या अनुभवांतून भोर-वेल्ह्याच्या वाटेने जाणाऱ्या प्रवाशाला काही गोष्टी घेता येतील. प्रथम त्याने शाळेच्या गुरुजींना किंवा बाईंना विचारावे, की शाळेत मुले किती, वयाने केवढी आणि जागा कशी आहे. जेथे बारा मुले आणि उतरते अंगण आहे, तेथे फुटबॉलपेक्षा दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या आणि फेकावयाच्या रिंगा अधिक उपयोगी पडतील. चेंडू न्यावयाचा तर मुलांच्या वयाचा न्यावा आणि सोबत पंप व चार सुया न्याव्यात. वाटेत भेटलेल्या एकाच मुलाच्या हाती वस्तू देऊ नये. त्याने इतरांच्या मनात खंत उत्पन्न होते. वस्तू शाळेच्या स्वाधीन करावी. शाळेत तिची जडसंग्रह नोंदवहीत नोंद होते आणि ती सर्वांची होते. मुलांना रांगेत उभे करून, त्यांच्या हाती वस्तू देऊन छायाचित्रे काढू नयेत. घेणाऱ्याची मान खाली जाईल असे देणे हे देणेच नव्हे. आणि शक्य असेल तर वस्तूबरोबर आपला एक तासही द्यावा. व्हॉलीबॉल कसा टोलवावा, हे ज्याने दाखविले, त्याची भेट चेंडू फाटल्यावरही उरते.

शाळेतील मुलांकडेही काही कर्तव्ये येतात. साहित्य पावसात न ठेवणे, खेळून झाल्यावर मोजून घेणे, मुलगे आणि मुली दोघांनाही पाळीपाळीने खेळावयास मिळते की नाही हे पाहणे, हे काम मुलांनीच करावयाचे. मिळालेली वस्तू नीट वापरणे हेच देणाऱ्याला दिलेले उत्तम उत्तर होय.

या व्यवहारात एक बाजू केवळ देणारी आणि दुसरी केवळ घेणारी, असे मात्र समजू नये. डोंगरातील मुलांजवळही देण्यासारखे पुष्कळ आहे. पाहुण्याला चुकलेली वाट दाखविणारा बहुधा एखादा मुलगाच असतो. ज्या खेळांना पैसा लागत नाही, असे खेळ त्यांच्याजवळ आहेत आणि अशा खेळांनीही जगाचा प्रवास केला आहे. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोला नियमांची चौकट घालून दिली. १९३६ मध्ये बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हुतूतूसारखे देशी खेळ परदेशी प्रेक्षकांना करून दाखविले. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस खो-खोची पहिली जागतिक स्पर्धा झाली. अनेक देशांचे संघ तीत उतरले. भारताच्या पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांनी विजेतेपद मिळविले, आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचेच होते. ज्या खेळाला दोन खांब आणि मोकळी जमीन एवढेच लागते, तो आज परक्या देशांतील मुलेही खेळतात. त्या मुलांना तो कोणी थैलीत घालून पाठविला नव्हता. तो शिकविणारी माणसे तेवढी तेथवर गेली.

तेव्हा प्रवाशाने राजगडाच्या पायथ्याशी आपली थैली सोडून चेंडू काढून द्यावा आणि मुलांनी त्याला लगोरी रचावयास शिकवावे, यातच दोघांचीही शोभा आहे. चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तेव्हाच खेळ सुरू होतो. तो एकाच्याच हातात राहिला, तर तो कितीही मोलाचा असला तरी खेळ होत नाही. देण्याघेण्याचेही तसेच आहे.

स्वाध्याय

१. भोर आणि वेल्हे तालुक्यांत खेळासाठी सपाट जागा कमी का आहे? कारणे सांगा.

२. इरिट्रियातील मुलांमध्ये एका मुलाला विशेष मान का होता?

३. कॉसवर कोणती टीका झाली? राष्ट्राध्यक्षांच्या उत्तराने त्याची शंका कशी दूर झाली?

४. ‘काय द्यावे, हे देणारा ठरवीत नाही, घेणारा सांगतो.’ या वाक्याचा अर्थ पाठातील उदाहरणाने स्पष्ट करा.

५. पुढील वाक्प्रचारांचा स्वतःच्या वाक्यांत उपयोग करा : डोक्यावर घेणे, चीज होणे, हातभार लावणे, अंगी बाणणे, मान खाली जाणे.

६. पुढील शब्दांचे विरुद्धार्थी शब्द लिहा : सपाट, शाबूत, परदेशी, विजय, ओसाड.

७. तुमच्या शाळेस कोणते खेळाचे साहित्य हवे आहे, याची वर्गात चर्चा करून यादी करा. प्रत्येक वस्तू का हवी आणि ती कोण सांभाळील, हेही तिच्यापुढे लिहा.

८. साधनांवाचून खेळता येणारा तुमच्या गावचा एखादा खेळ परगावच्या मित्रास समजेल अशा रीतीने दहा-बारा ओळींत लिहून पाठवा.